उंचावरील वाऱ्याचे अंदाज आणि फ्लाइट प्लॅन : बारीक ग्रिडने नेमके काय बदलते?

रात्रपाळी_डिस्पॅच (प्रश्न)
मुंबईहून लंडनला पहाटे दोनच्या सुमारास निघणाऱ्या विमानांचे फ्लाइट प्लॅन मी तयार करतो. गेल्या जानेवारीत एका प्लॅनमध्ये सरासरी हेडविंड, म्हणजे समोरून येणारा वारा, ५० नॉट (ताशी सागरी मैल) धरलेला होता. प्रत्यक्षात तो ६० नॉट निघाला. सुमारे ३,९०० सागरी मैलांच्या प्रवासात एवढ्या फरकाने तेरा मिनिटे वाढतात आणि मोठ्या विमानाचे टनभर इंधन अधिक जळते. तेव्हापासून काही कॅप्टन दर वेळी दीड-दोन टन जादा इंधन भरून घेतात आणि त्यांना नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आता लंडन आणि वॉशिंग्टन येथील जागतिक क्षेत्र-पूर्वानुमान केंद्रांची वाऱ्याची विदा (डेटा) १.२५ अंशांऐवजी ०.२५ अंशाच्या ग्रिडवर, म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या जाळीवर, मिळते. सॉफ्टवेअर पुरवणारे म्हणतात की अंदाज पाचपट अचूक होतील. हे कितपत खरे मानावे?

जेटप्रवाह
पाचपट बारीक म्हणजे पाचपट अचूक नव्हे. १.२५ अंश म्हणजे विषुववृत्तापाशी सुमारे १४० किलोमीटर, तर ०.२५ अंश म्हणजे २८ किलोमीटर. पण या केंद्रांची मूळ मॉडेले आधीपासूनच साधारण १० ते १३ किलोमीटरच्या ग्रिडवर चालत होती आणि आपल्यापर्यंत येणारी विदा विरळ करून दिलेली असे. त्यामुळे जेट प्रवाहाचा (उंचावरील अतिवेगवान वाऱ्याच्या अरुंद पट्ट्याचा) गाभा आणि त्याच्या कडेला वाऱ्याच्या वेगात होणारी झपाट्याची घट पूर्वी बोथट दिसे, ती आता नीट दिसेल. माझ्या मते याहून मोठा लाभ वेळेचा आहे : पहिल्या चोवीस तासांसाठी विदा तीन तासांऐवजी दर तासाची मिळते, आणि तीन तासांत विमान अडीच हजार किलोमीटर पुढे गेलेले असते.

मात्र मॉडेलने जेट प्रवाहच अंशभर उत्तरेला दाखवला असेल, तर बारीक ग्रिड तीच चूक अधिक रेखीव करून दाखवील. ती चूक कमी होते निरीक्षणांनी. मध्य अक्षांशांत तापमान आणि दाबावरून वाऱ्याचा बराचसा अदमास बांधता येतो. विषुववृत्ताजवळ हा संबंध सैल पडतो, म्हणून तेथे वारा प्रत्यक्ष मोजावाच लागतो. २०१८ ते २०२३ या काळात एओलस उपग्रहाने लेसरच्या साहाय्याने तो मोजला. बाकी मोठा आधार आपल्याच विमानांचा : उडत्या विमानांकडून येणारी वारा-तापमानाची निरीक्षणे २०२० साली उड्डाणे थांबताच आटली होती.

सह्याद्री_३४०
पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची भारत फोरकास्ट सिस्टीम २०२५ पासून ६ किलोमीटर ग्रिडवर चालते. ती या कामी वापरता येणार नाही का?

जेटप्रवाह
मुंबईवरील गडगडाटी ढगांसाठी ती पाहण्याजोगी आहे. लंडनपर्यंतच्या इंधनाच्या हिशेबाला मात्र या दोन केंद्रांचीच विदा घ्यावी.

जुना_डिस्पॅचर
ग्रिडच्या आधी प्लॅनवरची विदेची वेळ पाहावी. मॉडेल ००, ०६, १२ आणि १८ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेनुसार) चालते आणि त्याचे आकडे हाती यायला चार-पाच तास लागतात. रात्री दहाला प्लॅन काढला तर त्यात ०६ यूटीसीचा, म्हणजे आपल्या सकाळी साडेअकराचा रन (मॉडेलची फेरी) असतो. पाऊण-एक तास थांबले की १२ चा मिळतो. शिवाय बहुतेक ठिकाणी वारा-तापमान मोजणारे फुगे वातावरणात ०० आणि १२ यूटीसीलाच सोडले जातात, त्यामुळे ०६ च्या रनला ताज्या फुग्यांचा आधार जवळजवळ नसतो. माझ्या जुन्या कंपनीत नवी विदा ठरावीक वेळीच लोड होई आणि कित्येक महिने ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. जादा इंधनाचे म्हणाल, तर ते वाहून नेण्यातच तासाला साधारण तीन-चार टक्के जळते. नऊ तासांत पाव हिस्सा गेलाच.

रात्रपाळी_डिस्पॅच
जानेवारीचा प्लॅन उघडून पाहिला. तो रात्री ९:५० ला काढलेला होता आणि विदा ०६ यूटीसीची होती. नवा प्लॅन काढायला वेळ होता, पण मी तो काढला नाही. गेला आठवडाभर मी रात्री अकरा वाजता प्लॅन पुन्हा काढतो आणि दोन्ही प्लॅन शेजारी ठेवून कॅप्टनना फरक दाखवतो. त्यांच्यापैकी एकाने काल जादा इंधन अर्ध्या टनावर आणले.