चांदीच्या शाईचा अँटेना : मीटर ठीक, रेंज नाही. मदत हवी!

वावरातला_वायरमन : शुक्रवारी प्रोजेक्ट दाखवायचा आहे, लवकर सांगा. प्रिंटरमध्ये नॅनो चांदीची (चांदीच्या बारीक कणांची) शाई भरून लोराचा, म्हणजे कमी विजेत लांब जाणाऱ्या रेडिओचा, अँटेना छापला, ८६६ मेगाहर्ट्झचा. मीटरवर ९ ओम येते. पण घरून विहिरीपर्यंतही सिग्नल जाऊन नाही राह्यला. मोड्यूलसोबत आलेल्या स्प्रिंगच्या अँटेनानं नाल्यापलीकडं जाते. काऊन?

मायक्रॉन_मास्तर : छापलं कशावर? थर किती? भाजलं का?

वावरातला_वायरमन : फोटो पेपर, एक थर. त्यावर न भाजताच शाईतले कण जुळतात, हे तर सगळ्यांले माहीत असते.

मायक्रॉन_मास्तर : सगळ्यांना नसतं. असो. या फ्रिक्वेन्सीला चांदीत प्रवाह मुख्यतः वरच्या २.२ मायक्रॉनमधून वाहतो. तुमचा थर एक मायक्रॉनही नसेल. चार-पाच थर मारा.

तांब्याची_पट्टी : कशाला खटाटोप! तांब्याचा चिकट टेप आणा, कात्रीनं कापा, दहा मिनिटांत अँटेना.

वावरातला_वायरमन : भाऊ, प्रोजेक्टच शाईचा आहे. टेप लावला तर सर दारातूनच परत पाठवतील.

कपाशी_पाच_एकर : मी मोबाइल स्टार्टर बसवला, मोटार घरूनच चालू होते. फक्त लाइन रात्री बाराला येते.

वावरातला_वायरमन : काका, मोटारीचा विषयच नाही इथं.

रेडिओवाली_ताई : मास्तर, ९ ओमनं रेंज इतकी मरत नाही. पाव-तरंग (तरंगलांबीच्या चौथ्या भागाएवढ्या) अँटेनाचा रेडिएशन रोध, म्हणजे लहरी बनून बाहेर जाणाऱ्या ऊर्जेचा हिस्सा, ३६ ओमच्या आसपास, आणि या नऊपैकी साधारण निम्मेच नुकसानीत धरायचे. वायरमन, वायर कशी जोडली? आणि ९ ओम मोजले ते कधी?

वावरातला_वायरमन : कथिलाचा डाग दिला, दुसरं काय. मोजलं ते डाग द्यायच्या आधी.

रेडिओवाली_ताई : इथंच गडबड आहे. वितळलेल्या कथिलात चांदी विरघळते. इतका पातळ थर एका डागात संपतो. भिंग घेऊन पाहा. जोडायला चांदी भरलेला इपॉक्सी, म्हणजे वीज वाहून नेणारा गोंद, लागतो.

मायक्रॉन_मास्तर : तरी थर वाढवाच.

रेडिओवाली_ताई : वाढवू दे की. आधी जोड तर टिकू द्या!

तांब्याची_पट्टी : टेपवर डाग मस्त बसतो, बरं का.

वावरातला_वायरमन : ताई, पाह्यलं. डागाभोवती मोहरीएवढी जागा कोरी, खालचा कागद दिसून राह्यला. आता मीटर नुसता १ दाखवते, म्हणजे जोड तुटलाच. इपॉक्सी अमरावतीत भेटन का नागपूरलेच जा लागते? सहाला लाइन जाते, त्याच्या आधी सांगा.