पार्किन्सन : पेशीरोपणाची वाट बघायची, की आजच चालायला लावायचं?

गोदाकाठ
जपानच्या क्योटो विद्यापीठाने रुग्णांच्या मेंदूत स्टेमसेलपासून बनवलेल्या पेशी टोचल्या, त्याचा निकाल एप्रिल 2025 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. तेव्हापासून कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सनचा विषय निघाला की एकच प्रश्न : "ते स्टेमसेलचं आपल्याकडं कधी येतंय?" माझं मत स्पष्ट आहे. मराठवाड्यातल्या रुग्णाच्या घरच्यांनी पैसा आणि डोकं या वर्षी तरी तिकडं लावू नये. लेवोडोपाच्या गोळीची वेळ नीट बसवायची आणि हालचालींचे उपचार आठवड्यातून निदान तीन दिवस करून घ्यायचे. त्याला आधार आहे. अमेरिकेतल्या 'स्पार्क्स' चाचणीत (2018) औषध सुरू न झालेले 128 रुग्ण होते. ट्रेडमिलवर हृदयाच्या कमाल ठोक्यांच्या 80 ते 85 टक्के गतीने चालणाऱ्या गटाचे हालचालींचे गुण सहा महिन्यांत 0.3 ने बिघडले, नेहमीसारखं राहणाऱ्यांचे 3.2 ने. नेदरलँड्समध्ये 2019 साली 130 जणांना घरीच सायकल दिली, आठवड्यातून तीनदा, 30 ते 45 मिनिटं. गोळीचा असर उतरलेला असताना तपासलं तर नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा त्यांची स्थिती 4.2 गुणांनी बरी होती. जालना-हिंगोलीत हे आज करता येतं. क्योटोतलं करता येत नाही.

न्यूरॉन_नांदेड
आकडे बरोबर, निष्कर्ष घाईचा. 'स्पार्क्स' हा दुसऱ्या टप्प्याचा अभ्यास होता. त्यातून पुढची मोठी चाचणी करण्यात अर्थ आहे इतकंच ठरलं. व्यायामाने डोपामिन (हालचालीसाठी मेंदूला लागणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी वाचतात हे उंदरांत दिसलंय, माणसात सिद्ध नाही. लक्षणं उघड दिसू लागतात तोवर मेंदूच्या बुंध्यातल्या 'सब्स्टान्शिया निग्रा'मधल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. त्या पेशींचे तंतू पुटामेनपर्यंत, म्हणजे मेंदूतल्या हालचाल सांभाळणाऱ्या भागापर्यंत जातात आणि डोपामिन तिथं सोडतात. सायकल चालवून मेलेला तंतू उगवत नाही. म्हणून नव्या पेशी मूळ जागी न टोचता थेट पुटामेनमध्ये सोडतात. मोठ्या माणसाच्या मेंदूत तेवढा लांब तंतू वाढवणं अवघड आहे.

क्योटोत 7 रुग्ण होते, दोन्ही बाजू मिळून 50 लाख ते 1 कोटी पेशी टोचल्या. दोन वर्षांत गंभीर दुष्परिणाम नाही. परिणाम ज्या 6 जणांत मोजला त्यातल्या 4 जणांची गोळीशिवायची हालचाल सुधारली. अमेरिका-कॅनडातल्या 12 रुग्णांच्या चाचणीचा निकालही त्याच सुमारास आला. ही स्वप्नं नाहीत.

गोदाकाठ
दोन्हीकडे तुलनेचा गट नव्हता, हे का गाळता? पार्किन्सनमध्ये प्लासिबोचा, म्हणजे खोट्या उपचाराचा परिणाम मोठा असतो, कारण नुसत्या अपेक्षेनेही डोपामिन सुटतं. 2001 ची अमेरिकेतली चाचणी आठवा. गर्भातल्या पेशी, 40 रुग्ण, निम्म्यांच्या कवटीला नुसती छिद्रं पाडलेली. साठीच्या आतल्यांना थोडा फायदा, वरच्यांना नाही. आणि रोपण झालेल्या 15 टक्के रुग्णांत गोळी कमी करूनही, बंद करूनही अंग वेडंवाकडं हलत राहिलं. गोळी जास्त झाली तर कमी करता येते. टोचलेली पेशी काढता येत नाही.

न्यूरॉन_नांदेड
त्या वेड्यावाकड्या हालचालींचं कारण बऱ्यापैकी शोधलं गेलंय. गर्भाच्या ऊतीत सेरोटोनिनच्या पेशी मिसळून जात. त्या डोपामिन सोडतात, पण थांबायचं कधी हे त्यांना कळत नाही. आता क्योटोत 'कोरिन' नावाच्या खुणेवरून पेशी निवडून घेतात, म्हणून नको त्या पेशी गाळल्या जातात. जुन्या रोपणातल्या काही पेशींतही 11 ते 16 वर्षांनी लेवी गोळे (या रोगाची खूण असलेले प्रथिनांचे गोळे) सापडले (2008), म्हणजे रोग नव्या पेशींतही शिरतो, हे मी लपवत नाही. पण दहा-बारा वर्षं पेशी टिकून काम करत असतील तर पन्नाशीच्या रुग्णाला तेवढी वर्षं कमी नाहीत.

तुमच्या बाजूने एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. पोटाच्या चरबीतून किंवा हाडाच्या मगजातून पेशी काढून शिरेतून वा कण्यात सोडण्याचे जे 'पॅकेज' विकले जातात, त्यांचा क्योटोशी काडीचा संबंध नाही. त्या पेशी डोपामिनचे न्यूरॉन बनत नाहीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांतलं मगज-प्रत्यारोपण वगळता बाकी सगळं स्टेमसेल फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतं. चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. कुणी बिल दाखवलं की उठून यायचं.

फिजिओ_लातूर
वाद चालू द्या, पण 'व्यायाम करा' म्हणून सोडून देऊ नका, त्यात बरेच लोक पडतात. 80 टक्के ठोक्यांचं सूत्र 65 वर्षांच्या माणसाला 220 उणे 65 म्हणजे 155, त्याचे 124 ते 132 असं बसतं. आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी हवी. बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी) चालू असेल तर हा आकडा निरुपयोगी. मग 'दोन शब्द बोलता येतात, वाक्य पुरं होत नाही' एवढी धाप लागली पाहिजे. रक्तदाब आडवं पडून आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजा. वरचा 20 ने पडत असेल तर बसून चालवायची सायकल, ट्रेडमिल नको. एप्रिल-मे मध्ये सकाळी आठच्या आत उरका. या आजारात घाम आणि रक्तदाब दोन्हींचं नियंत्रण बिघडतं, उन्हात माणूस कोसळतो.

आता पाय जमिनीला चिकटण्याबद्दल. दार, वळण, अरुंद बोळ इथं हे जास्त होतं. घरचे हात धरून ओढतात, धड पुढं जातं, पाय मागं राहतात आणि माणूस तोंडावर आपटतो. ओढायचं नाही. थांबायचं, दोन्ही पायांवर आळीपाळीने भार टाकत डोलायचं, मग एक लांब पाऊल. वळताना जागेवर गिरकी घ्यायची नाही, मोठा वळसा घ्यायचा.

जमिनीवरच्या पट्ट्या खूप उपयोगी पडतात, पण त्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात आणि अंतर रुग्णाच्या पावलाला जमेल असं, साधारण 40 ते 50 सेंटिमीटर. शहाबादी फरशीच्या दोन फुटांच्या सांध्यावर भरवसा ठेवू नका, बारीक पावलांच्या माणसाला ते अंतर झेपत नाही. काळपट फरशीवर पिवळा किंवा पांढरा रंग मारा. चिकटपट्टी धुळीने कडेला सुटते आणि तिच्यातच पाय अडकतो.

गोदाकाठ
आणि ताल? पट्ट्या घरात झाल्या, रस्त्यावर काय?

फिजिओ_लातूर
आधी एका मिनिटात रुग्ण किती पावलं टाकतो ते मोजा. पाय चिकटत नसतील तर मोबाइलचा मेट्रोनोम (ठराविक ठोका देणारं अ‍ॅप) त्याहून 10 टक्के जास्त लावा. 80 पावलं असतील तर 88. चिकटत असतील तर उलट, 72 लावा. अशा माणसाला वेगवान ठोका दिला की पाऊल आखूड होतं आणि तो अडखळतो.

वारकरी पावलीचा उपयोग का करू नये, असं मला राहून राहून वाटतं. टाळाचा ठोका बाहेरून मिळतो, भार एका पायावरून दुसऱ्यावर जातो, तोंडाने अभंग म्हणताना आवाजही मोठा लावावा लागतो. अडचण दोन ठिकाणी आहे. भजन शेवटी चढत जातं, ती लय वाढू द्यायची नाही, नाहीतर रुग्णाची पावलं पळायला लागतात. आणि मागं जायचं पाऊल टाळायचं. मागं उभं राहून खांदे हलके मागं ओढले की जो दोनपेक्षा जास्त पावलं मागं जातो, त्याने भिंतीजवळ उभं राहूनच करावं.

न्यूरॉन_नांदेड
पावलीवर अभ्यास झालेला नाही, तेवढं लिहून ठेवा. ताई ची वर आहे : 2012 ची चाचणी, 195 रुग्ण, आठवड्यातून दोनदा एकेक तास, 24 आठवडे. त्यात तोल सुधारला.

गोळीवाला_परभणी
एवढा वाद, आणि खरी गफलत गॅसच्या गोळीत होते. पँटोप्राझोलबरोबर लेवोसल्पिराइड असलेली कॅप्सूल आपल्याकडे सर्रास दिली जाते. ते लेवोसल्पिराइड मेंदूत डोपामिनच अडवतं. मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, चक्करवरचं सिनारिझिन, मायग्रेनचं फ्लुनारिझिन, सगळी त्याच वाटेची. कुणाचा हात थरथरायला लागला तर पार्किन्सनचं लेबल लावायच्या आधी मागच्या सहा महिन्यांच्या चिठ्ठ्या बघा. औषधामुळे झालेला कंप ते बंद केल्यावर जातो, पण आठवडे किंवा महिने लागतात. पार्किन्सनच्या रुग्णाला उलटी थांबवायला डोम्पेरिडोन त्या मानाने बरं, हृदयाची तक्रार नसेल तर.

लेवोडोपा (सिंडोपा वगैरे) जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने. वरण, शेंगदाण्याची चटणी, दूध, मटण यांतली प्रथिनं लेवोडोपाच्याच वाटेने आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातात, म्हणून गोळी मागं पडते. दुपारी असर कमी पडत असेल तर प्रथिनांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात ढकला. लोहाची गोळी किमान दोन तास लांब. आणि यात्रेला निघालो म्हणून गोळ्या एकदम बंद करू नका. ताप, अंग ताठ, शुद्ध हरपणं, असं गंभीर होऊ शकतं.

गोदाकाठ
खाजकुहिलीच्या बियांबद्दल? बीड-धाराशिवकडून विचारणा येते.

गोळीवाला_परभणी
तिच्यात लेवोडोपा खरोखर असतो, साधारण 4 ते 6 टक्के. 2004 ला लंडनमध्ये 8 रुग्णांवर एक छोटी चाचणी झाली; 30 ग्रॅम पावडरीचा असर गोळीपेक्षा लवकर चालू झाला आणि जास्त टिकला. पण प्रत्येक वाणाचं प्रमाण वेगळं. गोळीत असतो तसा, लेवोडोपा वाटेत वाया जाऊ न देणारा कार्बिडोपा सोबत नसल्याने लेवोडोपाचा बराच भाग वाटेतच डोपामिन होऊन मळमळ, उलटी, रक्तदाब पडणं होतं. गोळी चालू असताना डॉक्टरला न सांगता वरून पावडर घेणं म्हणजे डोस दुप्पट करणं.

न्यूरॉन_नांदेड
माझा मूळ आक्षेप राहिलाच. 'आत्ता फक्त चालवा' म्हणताना डीबीएस, म्हणजे मेंदूतल्या इलेक्ट्रोडची शस्त्रक्रिया, उशिरा पोचते. ग्रेनोबलच्या बेनाबिद यांनी 1987 ला सुरुवात केली, आज ती प्रयोग राहिलेली नाही. 2013 च्या एका चाचणीत 251 रुग्णांत, आजार चार वर्षांहून जुना आणि गोळीच्या असराचे चढउतार नुकते सुरू झालेले असताना शस्त्रक्रिया केल्यास जीवनमान 26 टक्के सुधारलं. औषधांवरच राहिलेल्यांचं सुधारलं नाही.

गोदाकाठ
खर्च लाखांत जातो आणि तो माणूस परळी किंवा किनवटला राहतो. ते इलेक्ट्रोड दर काही महिन्यांनी जुळवून कोण देणार? इथंच माझं म्हणणं टिकतं.

न्यूरॉन_नांदेड
जुळवणी सुरुवातीला लागते, नंतर भेटी कमी होतात. साध्या बॅटरीला तीन ते पाच वर्षांनी पुन्हा छोटी शस्त्रक्रिया, चार्जिंगची जास्त टिकते पण घरच्यांना ते शिकावं लागतं. योग्य रुग्ण निवडला तर खर्च वसूल होतो. निवडीची चाचणी सोपी आहे : रात्रभर, साधारण 12 तास, गोळी नाही, सकाळी गुण मोजायचे, मग मोठा डोस देऊन पुन्हा मोजायचे. निदान 30 टक्के सुधारणा हवी. कंप सोडला तर जे गोळीने सुधरत नाही, ते डीबीएसनेही सुधरत नाही. बोलणं अडखळणं किंवा विसरभोळेपणा वाढलेला असेल तर परळीहून पुण्या-मुंबईला न्यायची घाई नको.

फिजिओ_लातूर
आणि नेलं तरी परत आल्यावर पट्ट्या आणि मेट्रोनोम लागतातच. डीबीएस चालू असताना पाय चिकटत असतील तर त्या माणसालाही मोजलेल्या पावलांपेक्षा 10 टक्के कमीच ठोका.