इंग्लंडच्या विहीणबाई ऑस्ट्रेलियन मालिकेसाठी रडतात, हे नेमकं काय आहे?

जुळेसोलापूरची

नमस्कार मंडळी. माझी लेक लीड्सला असते, जावई तिकडचाच. विहीणबाई पंचावन्न-छप्पनच्या, शाळेच्या लायब्ररीत काम करतात. जानेवारीत आमच्या सोलापूरची गड्ड्याची यात्रा बघायला येणार आहेत आणि उतरणार आमच्याकडेच.

परवा व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता 'नेबर्स' नावाच्या मालिकेचा विषय निघाला. ती २०२५ मध्ये बंद झाली म्हणे. सांगताना बाईंचा गळा दाटून आला. मला वाटलं त्यांच्याकडचीच असेल. लेक म्हणाली, नाही आई, ऑस्ट्रेलियाची आहे. त्या मालिकेतली गल्ली बघायला बाई मेलबर्नला जाऊन आल्यात, तिथला फोटो फ्रेम करून जिन्यात लावलाय.

मला मनापासून समजून घ्यायचंय. ब्रिटनला स्वतःच्या मालिका काय कमी आहेत? मग पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या मालिकेने त्यांना एवढं कसं धरून ठेवलं? लेकीला विचारलं तर म्हणते, "तिकडे ऊन असतं ना, म्हणून." सोलापुरात बसून हे मला काही पटत नाही. मे महिन्यात आपण पडदे ओढून, फरशीवर पाणी मारून बसतो. उन्हापायी कुणी इतकी वर्षं एक मालिका बघेल का?

रेल्वेलाइन्सच्या_वहिनी

ताई, मी सांगते. मी ती तिथे राहून बघितलीय, ऐन भरात असताना.

आमचे हे डॉक्टर, सोलापूरच्या व्ही. एम. मेडिकल कॉलेजचे. पुढच्या परीक्षांसाठी इंग्लंडला गेले तेव्हा बोल्टनला हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये आमचा संसार होता. ह्यांची ड्यूटी कधी संपेल याचा नेम नाही, मुलगी लहान आणि बाहेर सदा पाऊस. नोव्हेंबरात चार-साडेचारलाच अंधार पडायचा. ओले कपडे रेडिएटरवर टाकायचे, खिडकीच्या काचेवर वाफ धरायची. टीव्हीला चॅनेल चारच. बीबीसीची दोन, आयटीव्ही आणि चॅनेल फोर.

त्यामुळे लेक म्हणते ते ऊन खोटं नाही. पण ऊन म्हणजे ताटातली शेंगाचटणी हो, जेवण दुसरंच होतं.

पहिली गोष्ट, ती रोज लागायची. तिथल्या मोठ्या मालिका दोनच, १९६० पासूनची 'कोरोनेशन स्ट्रीट' आणि १९८५ ची 'ईस्टएंडर्स'. दोन्ही तेव्हा आठवड्यातून दोनदा. 'नेबर्स' सोमवार ते शुक्रवार. बीबीसीने २७ ऑक्टोबर १९८६ ला दिवसभराचं प्रक्षेपण सुरू केलं, त्याच दिवशी ही मालिका तिथे लागली. दुपारी दीडला नवा भाग आणि तोच दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. दोन्ही वेळा मुलं शाळेत! बीबीसी वनचे तेव्हाचे प्रमुख मायकेल ग्रेड यांना म्हणे त्यांच्या शाळकरी मुलीनेच सांगितलं की, आम्हाला बघायला मिळत नाही. मग जानेवारी १९८८ पासून तोच भाग संध्याकाळी पाच पस्तीसला दाखवायला लागले.

त्या वेळेनेच सगळं केलं. मुलांचे कार्यक्रम संपले की लगेच ही, आणि ही संपली की सहाच्या बातम्या. पोरं गणवेशातच बसलेली, आई स्वयंपाकघरात बीन्स गरम करतेय पण कान इकडे, वडील बातम्यांसाठी येऊन टेकलेले. तिघांनाही ती चालायची. 'ईस्टएंडर्स' पोरांसमोर लावायला बऱ्याच आयांना नको वाटायचं, भांडणं आणि दुःखच फार. इथे भांडण झालं तरी दोन-तीन भागांत शेजारी-शेजारी परत कुंपणापाशी बोलत उभे.

आणि माणसं कशी होती बघा. हेलन डॅनियल्स नावाची आजी होती. तिची मुलगी बाळंतपणात गेली, तेव्हापासून ती जावयाच्या घरी राहून नातवंडं वाढवतेय. सासू जावयाच्या घरी राहते आणि अख्खं घर तिच्या शब्दाबाहेर जात नाही! ते पाहताना मला परक्या देशातली गोष्ट चाललीय असं कधी वाटलं नाही. चार्लीन नावाची पोरगी गॅरेजमध्ये काम करायची, अंगात मळका डगला, हातात पाना. कायली मिनोगने केलेलं काम. आमच्या वॉर्डातल्या नर्सेसच्या मुली तिच्यासारखे कुरळे केस करून घ्यायच्या.

चार्लीन आणि तिचा प्रियकर स्कॉट यांचं लग्न तिथे दाखवलं ८ नोव्हेंबर १९८८ ला, मंगळवारी. ऑस्ट्रेलियात तो भाग १९८७ च्या जुलैतच होऊन गेला होता. ब्रिटन जवळजवळ दीड वर्ष मागे चालायचं, आणि इंटरनेट नसल्यामुळे कुणाला पत्ता नसायचा. आमची दिवाळी त्याच दिवसांत होती. मी चकलीचं पीठ मळत होते. शेजारच्या क्वार्टरमधल्या दोघी आल्या, एक आयरिश नर्स आणि एक लखनौच्या डॉक्टरांची बायको, आणि चकल्या तशाच सोऱ्यात राहिल्या. चार्लीन चर्चमधून चालत येते तेव्हा आयरिश बाईने माझा पिठाचा हात धरला होता. त्या दिवशी जवळपास २ कोटी लोकांनी तो भाग पाहिला. देशाची लोकसंख्या तेव्हा पावणेसहा कोटींच्या आत-बाहेर. म्हणजे तिघांत एक!

आता मुख्य मुद्दा, जो फारसं कुणी सांगत नाही. ही मालिका ब्रिटिशांना परकी नव्हतीच. ती ज्यांनी काढली ते रेग वॉटसन ऑस्ट्रेलियन खरे, पण ते बर्मिंगहॅमला कितीतरी वर्षं 'क्रॉसरोड्स' ही ब्रिटिश मालिका काढत होते. रोजची मालिका कशी चालवायची याची त्यांची खरी तालीम तिथे झाली. मग मायदेशी जाऊन त्यांनी 'नेबर्स' उभी केली. शीर्षकगीताची चाल टोनी हॅच यांची, तेही इंग्लंडचेच. शिवाय युद्धानंतर सरकारी मदतीने फक्त १० पौंडांत ऑस्ट्रेलियाला जायची सोय होती, दहा लाखांहून जास्त ब्रिटिश त्या योजनेतून गेले. आमच्या वॉर्डात कुणाची मावशी अ‍ॅडलेडला, कुणाचा भाऊ पर्थला. आपला भाऊ तिकडे कसा राहत असेल, घरामागे अंगण असेल का, स्वयंपाकघर केवढं असेल, हे त्यांना त्या पडद्यावर दिसायचं. तुमच्या विहीणबाईंचं कुणी तिकडे आहे का, एकदा विचारून बघा.

केबल_अशोकचौक

वहिनी, लई भारी लिहिलंत. रोजची वेळ हा मुद्दा मी माझ्या धंद्यावरून शंभर टक्के खरा सांगतो.

मी बरीच वर्षं सोलापूरच्या पूर्वभागात केबल चालवली. अशोक चौक, तिकडं अक्कलकोट रोडपर्यंत. आमच्याकडं घराघरात तेलुगू. जेमिनी आणि ईटीव्ही ही तेलुगू चॅनेल आली १९९५ ला, आणि बायकांची दुपारच बदलली. विडी कामगार बाई बघा कशी बसती. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू, बोटं चालूच. पान गुंडाळायचं, दोरा मारायचा, तोंड बंद करायचं, पुढचं उचलायचं. नजर सुपात. टीव्ही ती कानानं बघती. एखादा चेहरा बघण्यापुरती मान वर. म्हणून तिला रोजची, घरातली, संवादांवर चालणारी मालिका पाहिजे. सिनेमा लावला तर हात थांबतात, हात थांबले तर हजार विड्या पुऱ्या होत नाहीत, आणि मजुरी हजारावर.

दिवसभर केबल बंद असली तरी कुणी काय म्हणत नव्हतं. मालिकेच्या वेळेला सिग्नल गेला की पाच मिनिटांत बाई दारात. "अण्णा, आता तिचं पत्र वाचणार होते!"

त्या मालिकांतले हैदराबादचे बंगले आमच्या गल्लीला मेलबर्नएवढेच लांब होते. पण भाषा घरची. आई लेकीला ज्या शब्दांत रागावती तेच शब्द. इंग्लंडातही तेच झालं असणार ना? बोली थोडी वेगळी, पण डबिंग नाही, खाली पट्टी वाचायची नाही. भांडी घासत ऐकली तरी सगळं कळतंय. हिंदी मालिका त्यांच्यापेक्षा चकाचक होत्या, तरी दुपारी आमच्या गल्लीत तेलुगूच.

मासकॉम_विद्यार्थी

सगळ्यांचा आदर ठेवून सांगतो, मला यात पैशाचा भाग मोठा वाटतो. स्वतःची रोजची मालिका काढायची तर स्टुडिओ, लेखक, नट, सगळं उभं करावं लागतं. तयार मालिका विकत घेतली की तेवढ्याच वेळाचा खर्च कितीतरी कमी. बीबीसीला दुपारचे तास भरायचे होते, ऑस्ट्रेलियात माल तयार होता. आयटीव्हीने 'नेबर्स'चं यश बघून १९८९ मध्ये 'होम अँड अवे' आणली ती काय प्रेमापोटी नाही. प्रेक्षकांना पर्याय चारच होते, जे लागेल ते बघितलं.

रेल्वेलाइन्सच्या_वहिनी

बाळा, खर्चाचं बरोबर आहे. स्वस्त होती म्हणून ती टीव्हीवर आली. पण स्वस्त मिळाली म्हणून २ कोटी लोक बघत नाहीत. 'द यंग डॉक्टर्स', 'सन्स अँड डॉटर्स' या ऑस्ट्रेलियन मालिका आयटीव्हीवर दुपारी आधीपासून होत्याच. त्यांचे प्रेक्षक होते, पण त्यांच्यावर शाळेच्या मधल्या सुट्टीत पोरं भांडत नव्हती. चार चॅनेल म्हणतोस, तर त्या चारांतही लोक उठून बटण दाबायचेच की.

उलट पैशाची गोष्ट पुढे पूर्ण फिरली, ती तुझ्या अभ्यासाला उपयोगी पडेल. ऑस्ट्रेलियात सेव्हन नेटवर्कने १९८५ मध्ये सुरू करून त्याच वर्षी ती बंद केली होती, १९८६ ला नेटवर्क टेनने उचलली. २०११ मध्ये टेनने तिला आपल्या दुय्यम चॅनेलवर हलवलं. मायदेशात प्रेक्षक आटत गेला आणि मालिका जगली ब्रिटनच्या जिवावर. २००८ पासून ती तिथल्या चॅनेल फाइव्हकडे होती. त्यांनी २०२२ मध्ये हात काढून घेतला आणि मेलबर्नचं चित्रीकरण थांबलं, कारण तो पैसा गेल्यावर चालवायला कुणी नव्हतं. त्या शेवटच्या भागाला कायली आणि स्कॉटचं काम केलेला जेसन डोनोव्हन परत आले होते. मग अ‍ॅमेझॉनने २०२३ मध्ये पुन्हा उभी केली, आणि २०२५ मध्ये तीही संपली. विकत घेणाऱ्या देशाने मूळ देशाची मालिका इतकी वर्षं पोसली, याला नुसता दुपारचा रिकामा तास भरणं म्हणवत नाही मला.

जुळेसोलापूरची

वहिनी, तुमचं उत्तर लेकीला पाठवलं. तिने नवऱ्याला विचारलं. बाईंचे सख्खे काका १९६० च्या सुमारास मेलबर्नलाच गेले होते! त्यांची पत्रं यायची, फोन महाग म्हणून वर्षातून एखादा. बाई शाळेतून आल्यावर आईबरोबर ही मालिका बघायच्या, आणि आई दर दोन दिवसांनी म्हणायची, आमच्या जॉर्जचं घर अस्संच असेल. आई आता नाहीत. सगळा उलगडा झाला मला.

आता एवढं सांगा, त्या आल्या की मी कुठून सुरुवात करू? माझं इंग्रजी बेताचं आहे.

रेल्वेलाइन्सच्या_वहिनी

हेलनपासून करा. तुम्हीही नातवंडांच्या आजी व्हाल उद्या, बोलणं आपोआप जमेल. मालिकेत हेलन १९९७ मध्ये वारली. सोफ्यावर बसून स्कॉट-चार्लीनच्या लग्नाची कॅसेट बघते आणि तिथेच डोळे मिटते. तो भाग बाईंनी कुठे, कुणाबरोबर पाहिला ते विचारा. इंग्रजीची काळजी करू नका, त्याच बोलतील.

आणि हवामानाचं मनावर घ्या. जानेवारीतलं सोलापूर त्यांना झकास वाटेल, पण दुपारी यात्रेच्या होम मैदानावर नेऊ नका. गड्ड्याला संध्याकाळी सहानंतर न्या, टोपी बरोबर ठेवा. काही अडलं तर मला निरोप टाका, मी येईन त्यांच्याशी बोलायला. चार्लीनबद्दल बोलायला मला इथे कुणीच भेटलेलं नाही.

केबल_अशोकचौक

ताई, जुने भाग कुठं बघायला मिळतात का ते मी शोधतोय. सापडले तर तुमच्या टीव्हीला जोडून देतो, पाहुण्या यायच्या आत.