'क्रिटिकल'ला मराठीत काय म्हणायचं? टीकात्मक, समीक्षात्मक की चिकित्सक?

खोडरबर :
बी.ए.पर्यंतचं सगळं शिक्षण मराठी माध्यमातून, विषय समाजशास्त्र. सध्या इंग्लंडमध्ये विकास-अभ्यासात एम.ए. करतोय. वाचताना-बोलताना फारसं अडत नाही. अडतं ते निबंधावरच्या शेऱ्यांपाशी. 'टू डिस्क्रिप्टिव्ह, बी मोअर क्रिटिकल' हा शेरा तर ठरलेलाच. आमच्याकडे क्रिटिकल असतो तो आयसीयूतला पेशंट! ट्यूटर सांगतात, नुसते दोष काढू नका. मग करायचं काय? याला मराठीत नेमका शब्द कोणता? शब्द सापडला तर कामही कळेल असं वाटतंय.

पारावरचा :
टीकात्मक. 'टीकात्मक परीक्षण करा' असा प्रश्न सोडवतच आम्ही पास झालो. विषय संपला.

बोरूबहाद्दर :
इतक्यात कुठे संपवता बुवा! टीका या शब्दाची आता पार रया गेली आहे. शके १२१२ मधली ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच, पण तिथे टीका म्हणजे अर्थ उलगडून सांगणं. आज 'विरोधकांची सरकारवर टीका' वाचत मोठा झालेला पोरगा टीकात्मक लिही म्हटल्यावर बाह्याच सरसावणार. 'समीक्षात्मक' म्हटलं की कवितासंग्रह डोळ्यांपुढे येतो. हिंदीतली 'समालोचना' अर्थाने जवळची, पण ती उसनी घ्यायचीही सोय नाही. आपल्याकडे समालोचन म्हटलं की कुणीतरी षटकातला चौथा चेंडू टाकायला निघतो.

माझं मत 'चिकित्सक'ला. गंमत म्हणजे खोडरबरना आठवलेला आयसीयू या शब्दातही आहे. वेगळं काढणं, निवाडा करणं अशा अर्थाच्या ग्रीक धातूपासून 'क्रिटिक' आला, तसाच 'क्रायसिस'ही. आजार इकडे की तिकडे हे ज्या टप्प्यावर ठरतं तो क्रायसिस, म्हणून पेशंट क्रिटिकल. आणि आपल्याकडे पाहा : सिव्हिल हॉस्पिटलात जिल्हा शल्यचिकित्सक बसतात, आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढली ती महाभारताची चिकित्सक आवृत्ती. म्हणजे दोन्हीकडे शब्दाचा एक पाय दवाखान्यात, एक ग्रंथालयात.

ती आवृत्ती कशी झाली हे कळलं की तुमचा शेरा निम्मा सुटेल. काम १९१९ साली सुरू झालं, १९६६ साली पुरं झालं. देशभरातली हजारावर हस्तलिखितं तपासली, श्लोक एकमेकांशी ताडून पाहिले, कुठला पाठ, म्हणजे श्लोकाचं कुठलं रूप, वर ठेवायचा ते ठरवलं. नाकारलेले पाठ मात्र फेकून दिले नाहीत, त्याच पानावर खाली छापले. ज्याला शंका येईल त्याने पडताळून पाहावं. यात व्यासांचे दोष कुणी काढले नाहीत. पण निवाडा केला, आणि तो कशावरून केला हे उघड ठेवलं. तुमचे ट्यूटर मागतायत ते हेच.

पारावरचा :
पण बोलण्यात चिकित्सक म्हणजे किरकिऱ्या. मंडईत प्रत्येक वांगं उलटंपालटं करून बघणारा. 'जावई भारी चिकित्सक आहेत हो' हे काही कौतुक नव्हे!

बोरूबहाद्दर :
तेच तर करायचंय. फक्त एखादं परत टाकलंत तर का टाकलं तेही लिहायचं.

खोडरबर :
शब्द पटला. पण निबंधात हे दिसतं कसं? माझा विषय शेतजमिनीचे तुकडे.

निळी_वही :
मग घरातलंच उदाहरण घ्या. याच विषयावर आंबेडकरांचा १९१८ सालचा इंग्रजी लेख आहे, 'स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया अँड देअर रेमेडीज'. मातृभाषा मराठी, शिक्षण कोलंबियात आणि लंडनला, म्हणजे तुमच्याच वाटेने गेलेले.

त्या काळी 'किफायतशीर धारणक्षेत्र', म्हणजे एका शेतकऱ्याकडची परवडेल एवढी जमीन, कशाला म्हणायचं यावर वाद होता. मुंबई इलाख्यातले शेती अधिकारी कीटिंग यांची व्याख्या साधारण अशी : ज्यातून शेतकऱ्याला आपल्या कुटुंबाला बऱ्यापैकी सुखात जगवता येईल एवढं पिकवता येतं, ते किफायतशीर. आता डिस्क्रिप्टिव्ह लिहिणारा काय करील? कीटिंग असं म्हणतात, अमुक समिती तसं म्हणते, तमक्यांनी आणखी वेगळं म्हटलंय. झाला परिच्छेद.

आंबेडकर आधी व्याख्या जशीच्या तशी मांडतात. मग विचारतात, ही व्याख्या मोजते काय? कुटुंबाला किती लागतं, ते. पण शेती हा पिकवण्याचा धंदा. तो किफायतशीर आहे की नाही हे खाणाऱ्या तोंडांवरून कसं ठरेल? जमीन, श्रम आणि भांडवल यांचं आपसातलं प्रमाण जमलं तर लहान शेतही परवडतं, बिघडलं तर मोठंही तोट्यात जातं. मग नुसते तुकडे जोडून भागणार नाही, शेतीवर साचलेली माणसं उद्योगांकडे वळली पाहिजेत, इथवर ते येतात. कीटिंग अडाणी आहेत असा सूर कुठेही नाही. व्याख्या ज्या गृहीतावर उभी होती ते गृहीत बाहेर काढून दाखवलं, एवढंच. आणि खरं सांगायचं तर 'एवढंच' म्हणण्याइतकं ते सोपं नाही. त्यासाठी कीटिंग शांतपणे, पूर्ण वाचावे लागतात. आपली मुलं गोषवारा वाचून मोकळी होतात.

खोडरबर :
मी सगळीकडे 'सेज', म्हणजे 'म्हणतात', लिहितो, तिथेच घोटाळा दिसतोय. शिवाय एवढ्या मोठ्या माणसाचं नुसतं आडनाव टाकून पुढे जाताना हात थबकतो.

निळी_वही :
आडनावाचं मनाला लावून घेऊ नका, तिथली ती रीतच आहे. क्रियापदाकडे मात्र लक्ष द्या. 'आर्ग्यूज' म्हणजे कारणं देऊन मांडतात. 'सजेस्ट्स' म्हणजे सुचवतात, ठासून सांगत नाहीत. 'क्लेम्स' लिहिलंत की वाचणाऱ्याला कळतं, तुम्हाला पुरावा पुरेसा वाटलेला नाही. 'शोज' लिहिलंत तर त्यांचं म्हणणं तुम्हीही मान्य केलंत. 'दावा करतात' आणि 'दाखवून देतात' यांत मराठीतही हाच फरक आहे, पण परीक्षेत आपण सरसकट 'म्हणतात'वर भागवतो. तुमच्या निबंधात 'कीटिंग अस्यूम्स' असं एक वाक्य आलं की तिथून पुढे क्रिटिकल लिहिण्यावाचून गत्यंतर नाही, कारण ते गृहीत बरोबर की चूक हे तुम्हालाच सांगावं लागेल.

'प्रूव्ह्ज' शक्यतो गणितवाल्यांसाठी सोडा. आपल्या प्रबंधांत 'गृहीतक सिद्ध झाले' हे वाक्य पाचवीला पुजलेलं, त्यामुळे इंग्रजीतही हायपॉथेसिस 'प्रूव्ह्ड' होऊन बसतं. सामाजिक शास्त्रांत ते फार तर 'सपोर्टेड' असतं.

पारावरचा :
आणि 'साधकबाधक चर्चा करा'? तोही प्रश्न यायचा.

बोरूबहाद्दर :
'क्रिटिकली डिस्कस'ला त्याहून चांगला शब्द नाही. साधक म्हणजे बाजूची प्रमाणं, बाधक म्हणजे विरुद्ध जाणारी, दोन्ही मांडायची हे शब्दातच आलं. बुवा, तुम्ही पहिल्या प्रतिसादात हाच दिला असतात तर मी एवढं टंकलं नसतं. जाता जाता, 'डिस्कस'पुढे 'अबाउट' लावायचं नाही. ते आपल्या 'बद्दल चर्चा'तून येतं.

खोडरबर :
पुढच्या असाइनमेंटमध्ये 'क्रिटिकली रिफ्लेक्ट' आहे, आमच्या गटाने केलेल्या कामावर. तिथेही चिकित्सकच?

बोरूबहाद्दर :
'चिकित्सक आत्मपरीक्षण' फार जड होतं. 'डोळसपणे मागे वळून पाहा' म्हणू. काय केलं त्याची हकिगत दोन ओळींत उरका. ते तसंच का केलं, आणि आता करायचं झालं तर काय बदलाल, याला उरलेलं पान द्या.