नऊपैकी सहा लक्षणं : एडीएचडी अशी मोजून ठरवायची का?

वर्गशिक्षिका : एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा किंवा अतिचंचलतेचा विकार. त्याच्या निदानाचा डीएसएम-५ मधला (अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची निदान-पुस्तिका) नियम असा : लक्ष न लागणं किंवा अतिचंचलता, यांपैकी एका यादीतली ९ पैकी किमान ६ लक्षणं (१७ वर्षांपासून पुढे ५), निदान ६ महिने, दोन तरी ठिकाणी, आणि सुरुवात वयाच्या १२ वर्षांआधी. पण प्रत्येक लक्षण ‘वारंवार’ या एका शब्दावर उभं आहे. वारंवार म्हणजे किती, ते प्रश्नावली भरणारा ठरवतो. मी अशा प्रश्नावल्या भरते, आणि दमलेल्या दिवशी माझा हात वरच्या आकड्याकडे जातो. वर्गात वयाने सगळ्यात लहान असलेल्या मुलांना हे निदान जास्त मिळतं, हे अनेक देशांत दिसलंय. काही महिन्यांच्या कोवळेपणाला आपण विकार म्हणतोय का? त्याच पुस्तिकेत १९९४ साली सुरुवातीच्या वयाची अट ७ होती, २०१३ साली १२ झाली. मुलं तीच, रेघ सरकली.

लेकीची_आई : अजिबात सहमत नाही. रेघ सरकली म्हणून माझी लेक सापडली. ती वर्गात कधी उठली नाही, कुणाला त्रास दिला नाही. धडा उघडून तासभर बसायची, पानाचा कोपरा दुमडून दुमडून फाटायचा, पान तेच. प्रगतिपुस्तकात दरवर्षी ‘हुशार, पण धांदरट’. आयसीडी-१० मधल्या (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) निदानाला लक्ष न लागण्याबरोबर अतिचंचलताही लागायची. अशा शांत मुली त्यात बसणार कशा? २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ ने ती अट काढली. सातव्या वर्षी अभ्यासच एवढासा होता, तेव्हा कुणाला काय दिसणार होतं?

वर्गशिक्षिका : शांत मुलींचं पटलं. अशा दोघीतिघी माझ्याही नजरेतून सुटल्या असतील, याचं वाईट वाटतंय. तरीही झोप, कान, डोळे, घरातला ताण, चिंता हे तपासल्याशिवाय नुसत्या बेरजेवर शिक्का नको.

एक_बाबा : आमचं उलटं झालं. मुलाची ५ च लक्षणं भरली, ‘निकषात बसत नाही’ म्हणून परत पाठवलं. वह्या अर्धवट, मित्र तुटलेले. सहावं लक्षण येईपर्यंत थांबायचं का?

लेकीची_आई : थांबू नका. निकष पूर्ण भरत नाहीत पण त्रास ठळक आहे, अशांसाठी डीएसएम-५ मध्येच ‘अन्य निर्दिष्ट’ एडीएचडी असा गट आहे. पुन्हा जा, त्याबद्दल थेट विचारा, आणि त्या अर्धवट वह्या सोबत न्या.