‘शूट मी ॲन ईमेल’: इंग्रजीतल्या मारामारीचे तुमचे किस्से

परवा घरी गंमत झाली, म्हणून हा धागा काढतोय. वाईहून आई आली आहे. मी घरूनच काम करतो, कॉल स्पीकरवर होता. अमेरिकेतले साहेब म्हणाले, “टेक अ स्टॅब ॲट इट, शूट मी ॲन ईमेल, अँड वी विल पुल द ट्रिगर ऑन फ्रायडे.” म्हणजे करून बघ, ईमेल टाक, शुक्रवारी सुरू करून टाकू. आईचं इंग्रजी सातवीपर्यंतचं, पण शूट आणि ट्रिगर टीव्हीमुळे पक्के. रात्री जेवताना हळूच म्हणाली, “शुक्रवारी तू जायलाच हवं का रे?”

तुमचेही टाका. मराठीतल्या धमक्याही चालतील.

हिंजवडीहून

पीएमपीएमएलची बस, मी आणि टीममधली मैत्रीण दांडीला लटकलेल्या. विषय आदल्या रात्री अडकलेल्या सर्व्हरचा.

“अगं, पोरं मारून उपयोग नाही, झॉम्बी झालीत. बापालाच मार.”

“मारला. नुसता मारून मरत नाही तो.”

“मग नऊ नंबर घाल.”

समोरच्या आजोबांनी पिशवी छातीशी धरली आणि पुढच्या स्टॉपला उतरले. त्यांना सांगायला हवं होतं की युनिक्स या संगणकप्रणालीत एका प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रॅमने, दुसरी सुरू केली की ती तिची चाइल्ड. काम संपलं तरी पालकाने दखल घेतली नाही, तर ती झॉम्बी होऊन राहते. मेलेलीच असल्यामुळे ‘किल’ने ती मरत नाही, पालक घालवावा लागतो. तो साध्या ‘किल’ला दाद देत नसेल, तर नऊ नंबरचा, म्हणजे टाळता न येणारा सिग्नल. मग अनाथ पोरं बहुधा एक नंबरची प्रोसेस दत्तक घेते आणि झॉम्बींचं क्रियाकर्मही तीच उरकते. पण एवढं सांगितलं असतं, तर आजोबांनी चालत्या बसमधून उडी टाकली असती.

सदाशिव पेठेतून

पुरुषोत्तम करंडक, भरत नाट्य मंदिर. आमच्या नायकाला एकाने विंगेत ‘ब्रेक अ लेग’ म्हटलं. तिकडच्या नटांना सरळ शुभेच्छा दिलेल्या अशुभ वाटतात, म्हणून उलट बोलायचं. आपण बाळाला तीट लावतो तसंच. आमचा नायक दहाव्या मिनिटाला लेव्हलवरून (रंगमंचावरच्या चौथऱ्यावरून) घसरला. घोटा मुरगळला. म्हणणाऱ्याला वर्षभर विंगेत घेतलं नाही.

कोथरूडहून

मुलगी न्यू जर्सीत असते. नातवाला सांभाळायला सहा महिने गेले होते. तो पहिलीत. रोज सकाळी बूट घालताना टंगळमंगळ, आणि रोज माझं, “तंगडं मोडून हातात देईन हं!” त्याला मराठी कळतं, बोलतो इंग्रजीत. एक दिवस शाळेत बाईंनी विचारलं, घरी कोण कोण असतं? याने आजीची माहिती दिली, तंगड्यासकट, शब्दशः.

तिथे मुलाला घरी इजा होत असल्याची शंका आली, तर ते कळवणं शिक्षकांना कायद्याने बंधनकारक आहे. शाळेतून लगेच बोलावणं आलं. मुलगी अर्धा तास समजावत होती आणि मी शेजारी खुनी चेहऱ्याने बसलेले. काय सांगणार? माझी आई “मुडदा बशिवला तुझा” म्हणत ताटात दुसरी पोळी वाढायची!

समुपदेशक बाई भल्या होत्या, शेवटी हसल्या. निरोप देताना म्हणाल्या, मी सकाळी एवढा उशीर केला असता तर ‘माय मदर वुड हॅव किल्ड मी’. त्यांचं चालतं.

विमाननगरहून

विमानतळावर मात्र जीभ आवरा. इंग्लंडमध्ये जानेवारी 2010 मध्ये बर्फामुळे विमानतळ बंद पडला, तेव्हा वैतागलेल्या पॉल चेंबर्सने ट्विटरवर तो उडवून देण्याची गंमत केली. मे महिन्यात तो दोषी ठरला, दंड झाला. शिक्षा रद्द व्हायला जुलै 2012 उजाडलं. आमचे काका तपासणीत डब्यातल्या लाडवांना ‘बॉम्ब’ म्हणाले होते. लाडू एकेक करून फोडले गेले आणि विमान काकांना सोडून गेलं.

औंधहून

‘डेडलाइन’ राहिलीच की! अमेरिकी यादवी युद्धात, 1864 साली, अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या तळावर कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती. ती ओलांडणाऱ्याला पहारेकरी गोळी घालत. तिला डेडलाइन म्हणत. हे टीममध्ये सांगितल्यापासून आम्ही ‘शेवटची तारीख’ म्हणतो. चुकते तेवढीच.

धागाकर्ता

काल शुक्रवार. रात्री लॅपटॉप मिटला तशी आईने विचारलं, “उडाला का बार?”

म्हटलं, “नाही गं, सोमवारवर ढकलला.”

“म्हणजे फुसकाच निघाला तुझा साहेब,” म्हणाली आणि थालीपीठ थापायला आत गेली.