साध्या स्वेटरवर भरतकाम: चुण्या पडू नयेत म्हणून काय करावं?

सुईदोरा
विकतचा, राखाडी, एकरंगी स्वेटर आहे. लेबलवर निम्मी लोकर, निम्मं अ‍ॅक्रिलिक. छातीवर डावीकडे तळहाताएवढा फुलांचा गुच्छ आणि बाह्यांच्या पट्टीवर वेल भरायचा विचार आहे. सुती कापडावर भरतकाम जमतं, विणलेल्या कापडावर कधी केलं नाही. कापड ताणून धरणारी रिंग लावावी का? कार्बननं नक्षी उमटत नाही, मग छापायची कशी? आणि दोरा सुती घ्यावा की लोकर?

उलटसुलट
आधी स्वेटर धुऊन, आडवा पसरून वाळवा. जो काही आटायचा तो भरण्याआधीच आटू दे, नाहीतर फुलांभोवतीचं कापड नंतर आखडतं.

रिंग नको. चुण्यांचं मूळ बहुतेक वेळा तीच असते. ताणलेल्या विणीवर टाके घातले की रिंग काढल्यावर वीण मूळ मापावर येते, टाके मात्र ताणलेल्या मापाचेच राहतात. त्याऐवजी पाण्यात विरघळणारी भरतकामाची फिल्म घ्या, तिच्यावर पाण्यानं जाणाऱ्या पेननं नक्षी काढा आणि ती धावदोऱ्यानं स्वेटरवर टाचा. छापण्याचा प्रश्न सुटतो आणि टाके विणीत बुडत नाहीत. काम झालं की कडेची फिल्म कापून कोमट पाण्यात भिजवा. नक्षी वाळल्यावर कडक लागली तर फिल्म उरली आहे असं समजा आणि पुन्हा स्वच्छ पाण्यात बुडवा. चोळू मात्र नका, लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतून घट्ट होतात.

दोरा: जाड विणीवर बारीक लोकर उठून दिसते. सुती सहापदरी दोरा बारीक विणीवर चालतो. देठांना 3 पदर, पाकळ्या आणि गाठींना सहाही. एका वेळी 40-45 सेंमीच घ्या, लांब लोकर ओढून ओढून विरळ होते. सुई बोथट टोकाची हवी, म्हणजे ती फासांमधून जाते. टोकदार सुई धागा चिरते, आणि बारीक विणीत एक फास तुटला की उभी रेघ उसवत जाते.

पाकळ्यांना लेझी डेझी (साखळीचा एकेक सुटा टाका), देठांना साखळी टाका, मध्यभागी गाठीचा टाका. भरीव टाका 1 सेंमीपेक्षा लांब नको. अंगठी-नखात अडकतो आणि खालची वीण गोळा करतो. सुरुवातीला गाठ मारू नका, ती फासातून निसटून वर येते. 5-6 सेंमी शेपूट सोडा आणि शेवटी मागच्या टाक्यांखालून ओवून टाका.

मोजूनमापून
वरच्या सगळ्याला अनुमोदन. सुलट विणीचे V डोळ्यांना सहज मोजता येत असतील तर विणीवरच टाका गिरवण्याचा पर्याय आहे. V च्या खालच्या टोकातून सुई वर काढा, वरच्या V च्या दोन्ही पायांमागून आडवी न्या, पुन्हा त्याच खालच्या छिद्रात घाला. दोरा स्वेटरच्या धाग्याइतकाच जाड हवा. बारीक असेल तर खालचा रंग डोकावतो.

एक मेख आहे: विणीचा टाका चौकोनी नसतो, रुंद आणि बुटका असतो. 10 सेंमीत 20 टाके आणि 28 ओळी असतील, तर क्रॉसस्टिचच्या आलेखातलं 20 बाय 20 चं बदाम 10 सेंमी रुंद आणि जेमतेम 7 सेंमी उंच होईल. उंची 28 ओळींची करून आलेख नव्यानं काढा. अगदी बारीक मशीनच्या विणीवर मात्र या फंदात पडू नका.

सुईदोरा
छान, फुलं फिल्मवरच करते. पण बाहीच्या पट्टीचं काय? आणि आतून टोचणार नाही ना?

उलटसुलट
पट्टीवर वेल नको, हे स्पष्टच सांगते. ती हात आत घालताना ताणावी म्हणूनच तशी विणलेली असते. अखंड वेल भरली की एकतर हात जात नाही, नाहीतर दोरा तुटतो. वेल पट्टीच्या वर, सपाट विणीवर घ्या. पट्टीवर हवंच असेल तर सुटे गाठीचे टाके, एकाचा दोरा दुसऱ्याकडे न ओढता. बाहीत पुठ्ठ्याची नळी घाला, दोन्ही पदर एकत्र शिवले जाणार नाहीत.

टोचू नये म्हणून मागे होजिअरीच्या पातळ कापडाचा तुकडा सैल हातशिलाईनं लावा. इस्त्रीनं चिकटणारं अस्तर वापरू नका. गरम वाफेनं अ‍ॅक्रिलिक कायमचं लुळं पडतं.

मोजूनमापून
राखाडीवर लाल किंवा गडद निळा दोरा घेणार असाल तर आधी तो ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. फिल्म काढायला सगळं भिजवावंच लागतं, आणि सुटलेला रंग लोकर पटकन पिते.